प्रार्थनेत मन लागत नाही, तेव्हा : वाचकांचे प्रश्न

देवाशी नातं अधिक जवळचं व्हावं, अशी ओढ आहे पण वाट सापडत नाही, अशा आशयाची पत्रं या वेळी खानदेशातून आली आहेत. धुळे, भुसावळ, नवापूर, रावेर, चोपडा, शिरपूर, चाळीसगाव. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी धुळ्यात शिक्षिका आहे. लहानपणापासून मंडळीत (चर्चमध्ये) आहे. रोज पहाटे बायबलचा एक अध्याय वाचते, प्रार्थना करते. रविवारी गीतं म्हणताना डोळे भरून येतात, पण सोमवारी एकटी बसले की सगळं कोरडं. तीच वाक्यं, तोच क्रम. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : ताई, पहाटेच्या त्या वेळेत नेमकं काय होतं ते आधी पाहू. अध्याय संपवायचा म्हणून वाचला जातो. मग मुलं, आजारी माणसं, पाळकसाहेब (पास्टर), मंडळी यांच्यासाठी मागणं होतं. ही मध्यस्थी चांगली आहे, ती सोडू नका. पण त्या यादीत तुम्ही स्वतः कुठे असता? मनात जे खदखदत असतं ते बाजूला राहतं आणि देवापुढे शोभेल तेवढंच तोंडातून निघतं. बहुतेकांच्या प्रार्थना इथेच कोरड्या पडतात. ज्याच्याशी खरं बोलत नाही, त्याच्याशी जवळीक व्हायची कशी?

आता असं करून पाहा. वीस मिनिटं पुरतात. मार्काचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्यायांचं आहे. रोज ८ ते १० वचनं घेतली तर साधारण अडीच महिने जातात. पहिली दोन मिनिटं काही न बोलता बसा. मग उतारा सावकाश दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. एखाद्या शब्दापाशी मन अडलं तर पुढे जाऊ नका, तिथेच राहा. त्यातून जे मनात येईल ते प्रभूला सांगा. शेवटची दोन-तीन मिनिटं पुन्हा गप्प. ही रीत जुनी आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासी संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे निवांत राहणं अशा तिच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या.

उदाहरणच घ्या. मार्क १० : ४६ ते ५२. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतो. लोक त्याला दटावतात. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्याला काय हवंय हे येशूला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी त्याला ते बार्तीमयाच्या तोंडून ऐकायचं होतं. आता हा प्रश्न तुम्हालाच विचारलाय असं समजून थांबा. पहिलं उत्तर येईल, ‘प्रभू, आशीर्वाद दे.’ ते सवयीचं आहे. अजून थांबा. मग हळूहळू दुसरं वर येतं : ‘माझ्यानंतर लागलेल्या बाईंना शाळेत मान मिळतो, ते मला सहन होत नाही.’ किंवा, ‘घरात माझ्याशी कुणी दोन शब्द बोलत नाही.’ हे सांगायला जीभ अडखळते. अडखळू द्या, पण सांगा. त्या दिवशी प्रार्थना तीन वाक्यांत संपली तरी चालेल.

बिघडतं कुठे, तेही लिहितो. शब्बाथ शाळा (रविवारचा मुलांचा शास्त्रवर्ग) घेणाऱ्यांना उतारा वाचला की त्याचा धडा करायची सवय असते. हे मुलांना कसं सांगू, हा विचार लगेच सुरू होतो. त्याला सांगा, शनिवारी ये. मोबाइलवर शास्त्र (बायबल) वाचत असाल तर या वेळेपुरतं छापील पुस्तक घ्या, कारण वरून एक मेसेज घसरला की वीस मिनिटं गेलीच. मन भरकटलं, गॅसचा नंबर लावायचा आठवला, तर शेजारी ठेवलेल्या कागदावर लिहा आणि परत या. भरकटणं हा गुन्हा नाही, परत येणं हेच काम आहे. आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल. नेमक्या त्या वेळी पद्धत बदलू नका, नवं पुस्तक आणू नका.

रविवारचे अश्रू खोटे नाहीत. पण त्यात सूर असतात, सोबत असते, ओळखीची चाल असते. ते सोमवारी एकटीला मिळणार नाही, आणि मिळालं नाही म्हणून देव लांब गेला असंही नाही. जवळीक मोजायचीच असेल तर सहा महिन्यांनी पाहा : राग ओसरायला पूर्वीइतका वेळ लागतो का? पाप झाल्यावर देवाकडे परतायला आठवडा लागायचा, आता संध्याकाळपर्यंत परतता का? योहान १५ मध्ये प्रभू वेलात राहण्याबद्दल बोलतो ते फळासाठी, आणि फळाला हंगाम लागतो.

प्रश्न : भुसावळला रेल्वेत रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे गाडीवर ड्युटी करणाऱ्यांत आहे. ड्युटी कधी रात्री दोनला, कधी दुपारी. ‘येशू पहाटे उठून प्रार्थना करत असे’ हे प्रवचनात ऐकलं की अपराधी वाटतं. माझ्यासारख्याने काय करावं?

उत्तर : भाऊ, मार्क १ : ३५ मध्ये प्रभू पहाटे अंधार असताना उठून एकांतात गेला, हे खरं. पण लूक ६ : १२ मध्ये तो रात्रभर डोंगरावर प्रार्थनेत होता आणि मत्तय १४ मध्ये लोकांना निरोप देऊन संध्याकाळी एकटाच वर गेला. पहाट ही आज्ञा नाही. एकांत मात्र प्रत्येक वेळी आहे.

म्हणून घड्याळ सोडा आणि प्रार्थना एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. साइन ऑफ झालं, म्हणजे ड्युटी संपली, अंघोळ झाली, की झोपायच्या आधी दहा मिनिटं. मग घड्याळात सकाळचे अकरा असोत की रात्रीचे तीन. बाहेरगावी रनिंग रूममध्ये (विश्रांतीच्या खोलीत) असाल तरी हेच. स्तोत्र १२१ पाठ करा. आठच वचनं आहेत. दोन दिवसांना एक वचन धरलं तर सोळा दिवसांत होतं. इस्राएलाचा रक्षणकर्ता डुलकी घेत नाही, झोपत नाही, असं ते स्तोत्र म्हणतं. रात्रपाळी करणाऱ्याला याहून जवळचं स्तोत्र सापडणं कठीण.

दोन गोष्टी टाळा. गाडी चालू असताना डोळे मिटून किंवा मन दुसरीकडे नेऊन प्रार्थना नको. त्या वेळी सिग्नलवर लक्ष ठेवणं हीच तुमची सेवा. आणि चुकलेल्या दिवसांची थकबाकी भरायला बसू नका. चार दिवस राहिले म्हणून पाचव्या दिवशी तासभर बसायचं ठरवलं की सहाव्या दिवशी बसणंच होत नाही. पाचव्या दिवशी दहाच मिनिटं बसा.

प्रश्न : नवापूर तालुक्यात राहतो. घरी मावची बोलतो. मंडळीत प्रार्थना मराठीत होते आणि पास्टर किती छान शब्दांत करतात! मला तसं जमत नाही, म्हणून मी गप्प राहतो. एकटा असतानाही शब्द सुचत नाहीत.

उत्तर : दादा, मावचीत करा. याला दुसरं उत्तर नाही.

आईला ज्या भाषेत हाक मारली, शेतात बैलाशी ज्या भाषेत बोलता, तीच देवाशी बोलायची. वधस्तंभावर प्रभूने २२ व्या स्तोत्रातला आकांत केला तो आपल्या घरच्या बोलीत, आणि मार्काने ते शब्द त्या बोलीत तसेच जपून ठेवले (मार्क १५ : ३४). पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला देवाची महत्कृत्यं आपापल्या भाषेत ऐकू आली. पावरी, भिलोरी, अहिराणी बोलणाऱ्यांनाही हेच लागू. ‘देवा, माले काहीच सुचत नही’ ही पूर्ण प्रार्थना आहे.

एकटे असताना तोंडाने, ऐकू येईल इतक्या आवाजात बोला. मनातल्या मनात केलं की मराठी पुस्तकी वाक्यं परत घुसतात. आठवडाभर असं झालं की मंडळीतही एकच वाक्य मावचीत म्हणून पाहा. आणि पाळकसाहेबांना आमची विनंती : मंडळीच्या प्रार्थनेत ज्याला बोली वापरायची त्याला ती मोकळेपणी वापरू द्या. लोक गप्प असतात ते विश्वास कमी म्हणून नाही.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळी आहे. वादळात बाग आडवी झाली, कापणीला महिना उरला होता. डोक्यावर कर्ज आहे. मंडळीत ‘सर्व गोष्टींत उपकार माना’ म्हणतात, मीही ‘हालेलुया’ म्हणतो, पण आत देवाचा राग येतो. आता प्रार्थनाच होत नाही. असा राग धरणं पाप आहे का?

उत्तर : भाऊ, हा राग देवाला सांगितलात तर ती प्रार्थना आहे. त्याच्यापासून लपवून वर हालेलुया म्हटलं, तर अंतर वाढतं.

शास्त्रच तुमच्या बाजूने बोलतं. स्तोत्र १३ सहा वचनांचं आहे आणि पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. त्याला गोड शेवट लावायची गरज कुणाला वाटली नाही, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाने किती कठोर शब्द काढले! शेवटी देव त्याच्या शहाण्या मित्रांवर रागावला आणि म्हणाला, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत (ईयोब ४२ : ७). मित्र देवाविषयी बोलत राहिले. ईयोब मात्र देवाशीही बोलत राहिला.

कसं करायचं? २ राजे १९ काढा. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया याने ते वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरासमोर पसरलं. मग प्रार्थनेत त्याने शत्रूचं बळ कमी करून सांगितलं नाही. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उजाड केली हे खरं आहे, असं तो स्पष्ट म्हणतो. तुम्हीही तसंच करा. दार लावा. सोसायटीची नोटीस, खतवाल्याच्या उधारीची चिठ्ठी, पंचनाम्याची प्रत, जे असेल ते खाटेवर पसरा. एकेका कागदावर बोट ठेवून बोला : हे इतकं देणं, या तारखेला, आणि घरात इतकेच पैसे आहेत. किती खोडं पडली तो आकडा सांगा. ज्या रात्री वारा सुटला त्या रात्री तू कुठे होतास, हे विचारायचं असेल तर विचारा. मग स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. पहिली चार वचनं मनापासून म्हणता आली आणि शेवटची दोन, भरवशाची, घशातून उतरली नाहीत, तर त्या दिवशी चौथ्याशी थांबा. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. शेवटच्या वचनांवर उडी मारायची घाई, हीच इथली नेहमीची चूक, आणि ती घाई बहुधा आजूबाजूचे लोक करतात.

कुणी म्हणेल, तुझ्या पापामुळे बाग गेली. योहान ९ वाचून दाखवा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला आणि प्रभूने तो हिशोबच नाकारला. उपकारस्तुतीचं म्हणाल तर १ थेस्सलनीकाकरांस ५ : १८ सर्व स्थितीत उपकार मानायला सांगतं. वादळाचेच उपकार माना, असं ते वचन म्हणत नाही. संकटातही देव सोडून गेला नाही, याचे उपकार मानता येतात.

पंचनामा, विमा, बँकेकडून मुदत मागणं, यांत विश्वास कमी पडत नाही. ती धावपळ कराच. आणि जेवा, झोपा. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. देवाची मंद वाणी त्यानंतर कितीतरी दिवसांनी आली. तुमच्याही मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर ते आजच घरात कुणाला तरी सांगा, आणि १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी अशा माणसाला एकटं ठेवू नये आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत.

प्रश्न : चोपड्याहून. देवाच्या जवळ जाण्यासाठी मे महिन्यात तीन दिवस निर्जळी उपवास करायचा विचार आहे. मला शुगरच्या गोळ्या चालू आहेत.

उत्तर : ताई, हा उपवास करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात पाणी बंद केलं की उष्माघात होऊ शकतो. शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं विसंगत होणं ही लक्षणं आहेत. असं झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, मग काही तरी खा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना. गोळ्या मनाने बंद करणंही नको.

उपवासाने देवाचा हात पिरगाळता येत नाही. पोट रिकामं झालं की आपण कशाकशावर जगतो ते उघडं पडतं, आणि ते देवापुढे ठेवता येतं. उपवासाचं काम तेवढं. तुमच्यासाठी मोबाइल आणि टीव्ही एक दिवस बंद, साधं जेवण वेळेवर, आणि मोकळा झालेला तास प्रार्थनेला, इतकं बस. जे धडधाकट आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून एका वेळचं जेवण सोडावं, पाणी भरपूर प्यावं, आणि त्या जेवणाचे पैसे गरजवंताला द्यावेत. यशया ५८ मध्ये देवाला हवा असलेला उपवास असाच आहे : भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकर.

प्रश्न : शिरपूर तालुका. बांधावरून भावाशी वाद आहे. चार वर्षं बोलणं नाही. तो आमच्याच मंडळीत येतो. प्रार्थनेला बसलो की त्याचा चेहरा समोर येतो आणि सगळं बिघडतं. मन एकाग्र कसं करावं?

उत्तर : दादा, एकाग्रतेचा उपाय शोधू नका. तो चेहरा अडथळा नाही. त्या दिवशी देवाला तुमच्याशी त्याच विषयावर बोलायचं आहे. मत्तय ५ : २३-२४ मध्ये प्रभू सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे.

आधी कागदावर दोन रकाने करा. त्याने काय केलं, ते एकात. मी काय केलं, ते दुसऱ्यात. दुसरा रकाना रिकामा राहिला तर दोन दिवसांनी परत बसा. गावात काय काय बोललात, पोरांना काय शिकवलंत, ते आठवेल. तो रकाना देवापुढे वाचून क्षमा मागा. पहिला रकाना वाचून म्हणा, हे मी सोडायला तयार होईन असं कर. ‘सोडलं’ म्हणता येत नसेल तर म्हणू नका. ‘तयार कर’ एवढंही खरं असेल तर पुरे.

मग एकटे जा. मत्तय १८ : १५ मध्ये सुरुवात दोघांच्याच भेटीने आहे. चार वडीलधारी आणि पाळक सोबत नेले की समोरच्याला पंचायत बसल्यासारखं वाटतं. पहिल्या भेटीत फक्त तुमच्या रकान्यातलं बोला : ‘भाऊ, मी हे बोललो होतो, ते चुकलं. माफ कर.’ बांधाचा विषय त्या दिवशी काढू नका, ‘पण तूही’ हे शब्द तर अजिबात नकोत. क्षमा केली म्हणजे हद्द सोडली असं नाही. सरकारी मोजणी करून घ्या, दोघांनी हजर राहा, खुणा पक्क्या करा. त्याने दार लावून घेतलं तर रोमकरांस १२ : १८ आहे : तुमच्याकडून होईल तितकं करा. मात्र वादात मारहाण झाली असेल किंवा होण्याची भीती असेल तर एकटे जाऊ नका.

प्रश्न : चाळीसगाव तालुका. दिवाळीनंतर आमचा कोयता (नवरा-बायकोची जोडी) ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात परत येतो. तिथे मंडळी नाही, रविवारी सुट्टी नाही. बायकोला वाचता येत नाही. तेवढ्या महिन्यांत देवापासून तुटल्यासारखं होतं.

उत्तर : भाऊ, मराठी शास्त्र आवाजातही मिळतं. निघण्याआधी शुभवर्तमानं आणि स्तोत्रं मोबाइलच्या मेमरी कार्डात भरून घ्या, म्हणजे फडावर रेंज नसली तरी चालतात. पहाटे थंडीत तोडीला निघायच्या वेळी काही होत नाही, ते मनावर घेऊ नका. रात्री जेवण झाल्यावर, अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी पंधरा मिनिटं. एक छोटा उतारा दोघांनी दोनदा ऐकायचा. ताईंनी आपल्या शब्दांत सांगायचं, काय ऐकलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकलेलं चांगलं लक्षात राहतं, आणि पुष्कळदा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटलेलं त्यांना सापडतं. मग दिवसाचं खरं काय ते देवाला सांगा : मुकादमाची उचल, कंबरदुखी, गावी म्हाताऱ्यांजवळ ठेवलेलं पोर. शेवटी प्रभूची प्रार्थना एकत्र.

आसपासच्या कोपीत (झोपडीत) आणखी एखादं विश्वासणारं जोडपं असेल तर आठवड्यातून एकदा एकत्र बसा. दोघं-तिघं माझ्या नावाने जमले तिथे मी आहे, हे प्रभूचं वचन अशाच जागांसाठी आहे. आणि गाव सोडण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांकडून परतेपर्यंतच्या प्रत्येक रविवारचा उतारा लिहून घ्या. त्या त्या रविवारी रात्री तोच ऐका, म्हणजे गावातली मंडळी आणि तुम्ही एकाच वचनावर असाल. पाळकसाहेबांना तुमचा नंबरही द्या आणि सांगा, पंधरा दिवसांतून एकदा रात्री आठनंतर फोन करा. त्याआधी माणूस फडातून आलेला नसतो.